‘तुमच्या घरात कुणाला तसं काही झालं होतं का?’

मी मृत्युपत्र केलं आणि ठेवींचा एक हिस्सा लहान मुलांच्या मानसिक उपचारांसाठी ठेवला, हे अमळनेरात हळूहळू बऱ्याच जणांना कळलं. मीच सांगितलं, कारण लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. माणसं आधी म्हणतात, ‘छान केलंत बाई.’ मग आवाज खाली येतो. ‘तुमच्या घरात कुणाला तसं काही झालं होतं का?’ लग्नाच्या पंगतीत विचारतात, भाजीबाजारात विचारतात. माझ्याबरोबर नोकरी केलेल्या एका बाईंनी तर एवढ्यासाठी मुद्दाम फोन केला.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, माझ्या घरात तसं काही झालेलं नाही, आणि झालं असतं तर तेही मी इथेच सांगितलं असतं. डोळ्यांच्या शिबिराला देणगी देणाऱ्याला घरात कोण आंधळं होतं असं कुणी विचारत नाही. शाळेची खोली बांधून देणाऱ्याला घरात अडाणी कोण होतं, असंही नाही. मुलांच्या मनाचं नाव काढलं की मात्र लोक थेट घरात डोकावतात. विचारणाऱ्यांवर माझा राग नाही. बहुतेकांना काळजीच वाटत असते. पण ज्या घरात खरोखर असं मूल आहे ते घर याच प्रश्नाला भिऊन दार लावून बसतं. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये जी राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली, तिच्यात 13 ते 17 वयाच्या मुलांत मानसिक आजाराचं प्रमाण 7.3 टक्के निघालं. गणिताच्या बाईने टक्केवारी वाचली की ती वर्ग डोळ्यांपुढे आणते. साठ मुलांच्या वर्गात चार. माझ्या प्रत्येक वर्गातले ते चार मला आज आठवतात. घंटा होईपर्यंत नळावर हात धूत राहणारा एक मुलगा होता. नाव पुकारलं की अंग चोरून घेणारी एक मुलगी होती. बापाच्या निधनानंतर वहीत एक अक्षर न लिहिणारा होता, आणि कारण नसताना रोज कुणाशी तरी मारामारी करणाराही होता. शिक्षकांच्या खोलीत त्यांची नावं ठरलेली असत: घुमा, मस्तीखोर, हट्टी, कामचुकार. त्यांच्या वागण्याला आजाराचं नाव असू शकतं आणि त्यावर इलाज असू शकतो, असं डी.एड., बी.एड.च्या शिक्षणात आम्हाला कुणी धड सांगितलं नव्हतं.

एका मुलीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तिचं गाव आणि इयत्ता बदलली आहे. आठवीत होती असं समजा. अपूर्णांक तिला इतके छान यायचे की फळ्यावर गणित सोडवायला मी तिलाच उठवायचे. जूनमध्ये शाळा उघडली आणि ती येईना. रोज सकाळी दप्तर भरायची, वेणी घालून तयार व्हायची आणि निघायच्या वेळी पोट धरून खाली बसायची. ‘शाळानं नाव काढं का तिनं पोट दुखस, बाई,’ तिची आई मला म्हणाली. ते नाटक नव्हतं. पोरीच्या कपाळावर घाम यायचा, हात गार पडायचे. मोठ्या माणसाला भीती वाटली तर त्याला निदान तसं सांगता येतं. मुलाचं पोट दुखतं, डोकं दुखतं, उलटी होते, आणि ते दुखणं खरं असतं. चांगल्या बालरोगतज्ज्ञाला हे ठाऊक असतं. पण खेड्यातल्या आईची त्याच्याशी गाठ पडेपर्यंत मध्ये बरंच काही होऊन जातं.

त्या आईकडे कापडदुकानाची एक पिशवी होती. ती तिने माझ्या ओट्यावर रिकामी केली. सोनोग्राफीचे दोन रिपोर्ट, दोन्ही नॉर्मल. रक्ताच्या, लघवीच्या तपासण्या. जंताच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, ॲसिडिटीच्या पातळ औषधाच्या बाटल्या. काळ्या दोऱ्यातला एक ताईत आणि कागदाच्या पुडीत भगताने दिलेला अंगारा, कारण शेजारीण म्हणाली होती, ‘पोरले नजर लागेल शे.’ कशाला किती लागले ते ती एकेक वस्तू उचलून सांगत होती आणि मी मनात बेरीज करत होते. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाईची हंगामभराची कमाई त्या पिशवीत होती.

पुढे ग्रामीण रुग्णालयातल्या एका सिस्टरने तिला धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या मानसोपचार विभागात जायला सांगितलं. मनाचा डॉक्टर म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढे येरवडा येतो. या बाईच्याही आला. तरी ती गेली. तिथे डॉक्टरांनी आधी मुलीशी एकटीशी बोलून घेतलं, मग आईशी. पहिल्या भेटीत गोळी नाही, इंजेक्शन नाही. शाळेसाठी मात्र एका कागदावर लिहून दिलं: पहिला आठवडा दोनच तास बसू द्या, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. पोट दुखलं तर घरी पाठवू नका. पाच मिनिटं बाहेर बसवा, पाणी द्या आणि परत वर्गात घ्या. रागावू नका, चिडवू देऊ नका. दर पंधरा दिवसांनी दाखवायला या. तो कागद घेऊन ती शाळेत आली. आम्ही तसं केलं. महिन्या-दीड महिन्यात पोरगी मधल्या सुट्टीपर्यंत बसायला लागली, एकदा तर आपणहून फळ्याजवळ आली.

मग दिवाळी झाली आणि कापसाची वेचणी भरात आली. ‘धुयाले गयं का दिनभरनी मजुरी बुडस, बाई.’ धुळ्याची एक खेप म्हणजे दोघींचं एसटीचं भाडं, तिथला खाण्याचा खर्च आणि आईची बुडालेली मजुरी. केसपेपर स्वस्त होता, डॉक्टर फुकट होते. महाग होतं ते तिथवर जाणं. मुलींचा एसटीचा मोफत पास गाव ते शाळा एवढाच चालतो. बायकांना अर्धं तिकीट मार्च 2023 पासून लागायला लागलं, हे सगळं त्याआधीचं. एक खेप हुकली, मग दुसरी हुकली, आणि संक्रांतीपर्यंत सगळं पहिल्यासारखं झालं. ते वर्ष वाया गेलं. पुढच्या जूनमध्ये तिचा मामा तिला धुळ्याला आपल्या घरी घेऊन गेला. त्याच्या घरून दवाखाना जवळ होता. उपचार पुरे झाले, शाळा तिथेच झाली, आणि दहावीचा निकाल लागल्यावर मायलेकी माझ्याकडे पेढे घेऊन आल्या.

तिचा मामा धुळ्याला होता म्हणून ती सावरली. माझ्या मृत्युपत्रातला तो हिस्सा ज्यांचा मामा धुळ्याला नाही त्यांच्यासाठी आहे.

उपचारच नाहीत अशी ओरड मी करणार नाही. ते खरं नाही, आणि ऐकून आईबाप आणखी खचतात. राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यातलं एकही खान्देशात नाही. पण मुलांना बहुतेक वेळा अशा ठिकाणी भरती व्हावंच लागत नाही. त्यांना जवळची ओपीडी लागते. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारने चालवलेल्या फोनसेवेचा क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. दिवसरात्र, फुकट, आणि मराठीतून बोलता येतं. तो क्रमांक मी ओळखीच्या प्रत्येक शिक्षकाला लिहून देते. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, अंमल 29 मे 2018 पासून. त्याने मुलांसाठीच्या मानसिक सेवा पुरवणं ही सरकारची जबाबदारी ठरवली. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. आदेश अगदी योग्य आहे. पण चोपडा तालुक्यातल्या आतल्या गावच्या शाळेत येऊन बसणारं ते माणूस आणायचं कुठून, आणलं तर टिकवायचं कसं, हा प्रश्न उरतोच.

नंदुरबारकडे तर आणखी अडचण आहे. अक्कलकुवा, धडगावच्या आश्रमशाळेतलं मूल घरापासून लांब राहतं, आईबाप कामासाठी गुजरातेत किंवा ऊसतोडीला गेलेले असतात. ते मूल घरी पावरी किंवा भिली बोलतं. त्याला मराठी पुस्तक वाचता येतं, पण रात्री झोप का लागत नाही हे त्याला मराठीत सांगता येईलच असं नाही. तिथे डॉक्टरांच्या शेजारी त्याची बोली जाणणारी एखादी शिकवून तयार केलेली ताई बसली तर निम्मं काम होईल. तिचं मानधन कुठल्या खात्यातून निघणार?

देणगीदारांना मी दोष देत नाही. मुलाच्या हृदयाला छिद्र आहे, ऑपरेशनला अमुक रक्कम लागणार आहे, असं सांगितलं की खान्देशातली माणसं एका दिवसात पैसे उभे करतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ऑपरेशनला तारीख असते, रक्कम असते, शेवट असतो. पंधरा दिवसांनी एक तास, असं वर्षभर, कधी दोन वर्षं बोलत राहायचं, शाळेशी आणि आईबापाशी जुळवून घ्यायचं, या कामाला तसा शेवट दाखवता येत नाही. त्याला एकरकमी मोठी मदत फारशी उपयोगी पडत नाही. त्याला दर महिन्याला थोडं थोडं, न चुकता मिळायला लागतं. मुद्दल ठेवून व्याज वापरायचं, ही रीत अशाच कामासाठी आहे.

माझा हिशेब साधा आहे. बारा लाखांवर सात टक्के धरले तर वर्षाला 84,000, म्हणजे महिन्याला 7,000. दरवर्षी महागाईसाठी थोडं मुद्दलात परत टाकायचं, म्हणून खर्चायला महिन्याला साडेपाच हजार धरा. एवढ्यात डॉक्टर नेमता येणार नाही, कबूल. पण दहा-बारा मुलांचं आणि त्यांच्या सोबत्यांचं जाण्यायेण्याचं भाडं निघेल, आणि ज्या आईची मजुरी बुडते तिला त्या दिवसाचे थोडे पैसे देता येतील. दहा-बारा मुलांची खेप हुकणार नाही. हिस्सा याहून लहान असला तरी चालतो. एका ओळखीच्या निवृत्त कंडक्टरांनी नुकतीच आपल्या मृत्युपत्रात पन्नास हजारांची ओळ घातली. त्यांना त्या मार्गावरच्या प्रत्येक गाडीचं भाडं तोंडपाठ आहे.

आणि आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जिवंत देणगीदाराला, त्याची इच्छा कितीही चांगली असो, काहीतरी बघायला हवं असतं. कार्यक्रम होतो, मूल स्टेजवर येतं, फुलं देतं, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फिरतो. सायकली आणि वह्या वाटताना हे चालून जात असेल. मनाच्या उपचारांत ते कधीच चालणार नाही. त्या फोटोने मुलाचं पुढचं आयुष्य अडतं. 2017 च्या कायद्यातही उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला मनाई आहे. गेलेल्या माणसाला फोटो लागत नाही. तो आभार मागत नाही, मुलाला भेटायचं म्हणत नाही, ‘आता बरा आहे का तो?’ असं चारचौघांत विचारत नाही. आपल्याकडे वैशाखात पाणपोई घालतात, तिथे पाणी कोण पिऊन गेलं याची वही कुणी ठेवत नाही. मुलांच्या या उपचारांचा पैसाही तसाच यायला हवा.

अमळनेरला दानाची रीत मी नव्याने शिकवावी असं काही नाही. गिरणीच्या पैशातून प्रतापशेठांनी 1916 मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. त्यांच्याच नावाच्या हायस्कुलात साने गुरुजी 1924 ते 1930 शिक्षक होते. गावातली जुनी माणसं गुरुजींच्या वर्गातल्या तासांपेक्षा छात्रालयाचंच जास्त सांगायची: मुलांच्या खोल्या झाडणारे, त्यांचे कपडे धुणारे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढणारे, मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढणारे गुरुजी. घरापासून तुटलेल्या पोराला आपल्याकडे बघणारं एक मोठं माणूस आहे एवढं त्या छात्रालयात कळत होतं. तसं माणूस नशिबाने मिळेल म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा ते शिकवून तयार करावं, त्याला पगार द्यावा, असं मला वाटतं.

घरात काय म्हणाले, हेही लोक विचारतात. मुलगी नाशिकला आहे, ती लगेच म्हणाली, ‘आई, तुझी कमाई आहे, तू ठरव.’ मुलगा पुण्याला असतो. त्याचा पैशाला विरोध नव्हता. तो दोन दिवस गप्प होता आणि मग म्हणाला, ‘आई, उद्या आपल्या छकुलीचं लग्न जमवताना कुणी म्हणालं, आजीने वेड्यांसाठी पैसे ठेवले, म्हणजे घराण्यात काही असेल, तर?’ त्याचं भय खोटं नव्हतं. सोयरीक जमवताना आपल्याकडे पाच पिढ्या खणतात. मी त्याला एवढंच विचारलं, ‘छकुलीलाच उद्या लागलं तर तिला तू कुठे नेशील, आणि कुणाला सांगशील?’ त्यावर तो काही बोलला नाही. आठवड्याने त्याचा फोन आला, ‘मसुदा पाठव, मी वाचतो.’ वाचून त्याने त्यात एक उपयोगाची दुरुस्तीही सुचवली, ती पुढे सांगते.

त्याची एक इच्छा मात्र मी मानली नाही. निधीला त्याच्या बाबांचं नाव द्यावं असं त्याला वाटत होतं. हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचं नाव कुठेतरी राहावं असं मलाही वाटतं. पण लहान गावात निधीला नाव पडलं की त्या नावाने मुलं ओळखली जातात. ‘अमक्या निधीतून भाडं मिळतं’ म्हणजे पोराला काय झालंय ते सगळ्या आळीला कळलं. म्हणून भाड्याचे पैसे संस्थेने साध्या पाकिटात द्यावेत, पावतीवर निधीचं नाव छापू नये, असं मी लिहून ठेवलं आहे. यांच्या नावाने वाचनालयात पुस्तकांचं एक कपाट आहे, ते पुरे.

आता व्यवहाराचं, कारण खरं अडतं ते इथेच.

पहिलं म्हणजे शेत. आपल्याकडे माणूस दान म्हटलं की आधी शेताचा तुकडा काढतो. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्राने देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलं. ज्या 1948 च्या मुंबई कुळकायद्यावरून ते प्रकरण झालं त्याच कायद्याखाली आपण आहोत. संस्थेच्या नावाने शेत लिहून ठेवायचं, मग परवानगी, मग वारसांच्या हरकती, मग कोर्ट. मूल तोवर पंचविशीत जाईल. म्हणून माझ्या वाट्याचं शेत मी मुलांनाच ठेवलं आणि संस्थेला बँकेतल्या ठेवी. ठेवी पूर्णपणे माझ्या पगाराच्या आणि पेन्शनच्या आहेत. स्वकष्टाची मिळकत हवी तशी देता येते. वडिलोपार्जित मिळकतीत फक्त आपल्या हिश्शापुरतं बोलता येतं.

दुसरं, नॉमिनी. ‘बँकेत नॉमिनी लावलाय, मृत्युपत्र कशाला?’ असं फार जण म्हणतात. नॉमिनीला बँक पैसे देते, पण त्याने तो मालक होत नाही. तो वारसांच्या वतीने ते पैसे घेतो. न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. माझी नॉमिनी मुलगी आहे, आणि तिने त्या पैशाचं काय करायचं ते मृत्युपत्रात आहे. मृत्युपत्र अमलात आणायची जबाबदारीही तिच्यावरच सोपवली आहे.

टॅक्स वाचतो का, असंही विचारतात. नाही. आपल्याकडे मेल्यानंतरच्या मिळकतीवरचा कर, इस्टेट ड्यूटी, 1985 मध्येच रद्द झाला, त्यामुळे वाचवायलाच काही नाही. देणगीवरची आयकर सवलत हवी असेल तर ती हयातीत दिलेल्या देणगीला मिळते.

कागदाचं म्हणाल तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 चा आहे आणि त्याची मागणी फार थोडी आहे. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, हाताने लिहिलं तरी चालतं. आपली सही, आणि आपल्याला सही करताना पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या आपल्यासमोर सह्या. नोंदणी सक्तीची नाही; मी दुय्यम निबंधकांकडे जाऊन केली, कारण मला मुलांमागे वाद ठेवायचा नाही. सही करताना मी पूर्ण भानावर होते असा डॉक्टरांचा दाखला जोडला. मानसिक आजार होऊन गेलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येत नाही हा समजही चुकीचा आहे. सही करताना त्याचं मन स्थिर असेल तर कायदा त्याचं मृत्युपत्र मानतो.

संस्था निवडायला मात्र मी वेळ घेतला. नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, त्यांचं काम मी अजून पाहते आहे. धर्मादाय कार्यालयातून नोंदणीचा उतारा काढला, विश्वस्त कोण आहेत ते पाहिलं, तपासलेले हिशेब मागितले. ज्या संस्थेने हिशेब दाखवायला खळखळ केली तिचा विचार मी तिथेच सोडला. मुलांशी बोलतं कोण, हेही विचारलं. समुपदेशक अशी पाटी कुणीही लावू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. एका जागी मला उत्साहाने उपचार घेणाऱ्या मुलांच्या खोलीत नेऊ लागले. मी दारातूनच परत फिरले आणि ती संस्थाही यादीतून काढली.

हयातीतच का देत नाही, हा शेवटचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. थोडं देते, दर महिन्याला काही मुलांच्या भाड्यापुरतं पोचवते. पण म्हातारपण किती लांबेल आणि कोणता आजार काय मागेल हे माझ्या हातात नाही, आणि मुलांपुढे हात पसरायची वेळ येऊ नये असं मला वाटतं. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं. उद्या संस्था बिघडली तर मी नाव बदलीन, ठेव मोडावी लागली तर हिस्सा कमी होईल. म्हणूनच मुलाने सुचवलं की ठरावीक रक्कम लिहू नकोस, हिस्सा लिही. ठेवी कमीजास्त झाल्या तरी प्रमाण राहील. ती दुरुस्ती मी लगेच घेतली.

पुष्कळ जण ती ओळच मागतात, म्हणून देते. वकिलांकडून तपासून घेतलेली आहे: ‘माझ्या निधनसमयी माझ्या नावावर असलेल्या सर्व बँक ठेवींचा एक चतुर्थांश हिस्सा मी (संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता) या सार्वजनिक न्यासास कायम निधी म्हणून देत आहे. मुद्दल राखून त्याच्या व्याजाचा विनियोग जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील 18 वर्षांखालील मुलांच्या मानसिक उपचारांसाठी आणि त्यासाठी लागणाऱ्या प्रवासखर्चासाठी करावा. सदर न्यास त्या वेळी अस्तित्वात नसल्यास याच उद्देशाने काम करणारा दुसरा नोंदणीकृत न्यास माझ्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने निवडावा.’ याहून जास्त अटी घालू नका. वीस वर्षांनी उपचार कसे असतील ते आज आपल्याला सांगता येणार नाही. संस्थेचं नाव नोंदणीच्या दाखल्यावर आहे तसंच, एक अक्षर इकडेतिकडे न करता लिहा. संस्थेचा विश्वस्त साक्षीदार म्हणून घेऊ नका. आणि दोन्ही साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने बरेच लहान घ्या, म्हणजे वेळ आलीच तर कोर्टात उभं राहून सांगायला ते असतील.